चाळीस दिवसांचे उपकार आणि एक आमेन

१ ऑक्टोबर, बुधवार. पहाटे ५.१०
आजपासून चाळीस दिवस. रोज पाच उपकार मानायचे आणि लिहायचे. वही काल सीताबर्डीहून आणली. लाल, जाड पुठ्ठ्याची. ही वही फक्त माझ्यासाठी आणि प्रभूसाठी आहे. तरी अक्षर नीट काढतो आहे, कारण ९ नोव्हेंबरला उपकारस्तुतीचा रविवार. त्या दिवशी मंडळीतल्या एकाला पुढे उभं राहून साक्ष द्यायला मिळते. गेल्या वर्षी दादाजी साळवेंनी मुतखड्यावर दिली. खडा डबीत घालून आणला होता. बायका रडल्या. मला मुतखडा नाही, पण शिस्त आहे. पाळकसाहेबांना योजना सांगितली. म्हणाले, छान, प्रार्थनेत ठेवतो. म्हणजे ठरल्यातच जमा.

नियम: कुरकुर बंद. रोज रात्री साडेआठला कौटुंबिक प्रार्थना, सगळे हजर, डोळे मिटलेले. एकाची प्रार्थना चालू असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. शेवटी सर्वांनी आमेन. (माझं आमेन चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत जातं. पाळकसाहेबांनी स्वतः सांगितलं आहे, थोडं हळू म्हणा म्हणून.)

आजचे उपकार: १. वही. २. गीझर. ३. काल ऑफिसची बस वेळेवर. ४. स्वभाव. ५. चहा (गार होता, पण कुरकुर नाही).

सायंकाळी ७.००
बायकोच्या, म्हणजे शामलाच्या, शिक्षणसंस्थेचं पत्र आलं. चोवीस वर्षं शिकवते आहे, आता पारशिवनीच्या शाळेत हेडमिस्ट्रेस म्हणून जाणार का विचारलंय. दिवाळीनंतर जॉइनिंग. उत्तर २५ ऑक्टोबरपर्यंत हवं. तिने मला विचारलं, जाऊ का. चेहरा दिव्यासारखा झाला होता. मी म्हणालो, प्रार्थनेत ठेवू. ती म्हणाली, किती दिवस. मी म्हणालो, देवाला मुदत घालू नये. ती म्हणाली की मुदत संस्थेनं घातली आहे. पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. सुट्टी
पहिली कौटुंबिक प्रार्थना. जबरदस्त. मी पंचवीस मिनिटं उपकार मानले. मध्येच सुचलं, की उपकार मानता मानता घरच्यांना वळणही लावता येतं. म्हणालो, प्रभू, गुंजनच्या मोबाईलबद्दल तुझे आभार, कारण त्याने माझी सहनशीलता वाढते. वांग्याच्या भाजीतल्या मिठाबद्दल आभार, कारण त्याने मी नम्र होतो. सासूबाईंच्या टीव्हीच्या आवाजाबद्दल आभार, कारण मंडळीत कोणी बहिरं असेल तर त्यालाही मालिका कळते. कोणी एक शब्द बोललं नाही. बोलताच येत नाही. इतकी वर्षं मी उगाच भांडत होतो.

गुंजनने (आमची मुलगी, वय एकोणीस) चार सेकंदांत प्रार्थना उरकली. थँक यू जीझस फॉर एव्हरीथिंग. या मुलीचं कसं होणार.

४ ऑक्टोबर, शनिवार
पत्राचा विषय शामलाने पुन्हा काढला. मी तिच्या काळजीपोटी अंतर सांगितलं. आपलं बेसा शहराच्या एका टोकाला, पारशिवनी दुसऱ्या टोकाच्याही पुढे. रोज येणं-जाणं अशक्य. ती म्हणाली, मी तिथं खोली घेईन, शनिवारी येत जाईन. मी म्हणालो, पेंचचं जंगल जवळ, वाघ आहेत. ती म्हणाली, "वाघानं अर्ज नाही केला हेडमिस्ट्रेससाठी."
हसण्यावारी नेते. म्हणालो, प्रार्थनेत आहे.

उपकार: १. गीझर. २. पार्किंग मिळालं. ३. बायकोची काळजी करणारं मन. ४, ५. रात्री लिहीन.

७ ऑक्टोबर, मंगळवार
गडबड झाली. माझी प्रार्थना संपल्यावर सासूबाईंनी सुरू केली. एरवी त्या गुडघ्यांचे आभार मानतात आणि थांबतात. आज म्हणाल्या, "प्रभू, तुये आभार, तू आमच्या जावईबापूले दोन हात देल्ले. कधी ना कधी थे हात ताट उचलाच्या कामी येतील, असा इस्वास मले दे." गुंजन खोकली. तो खोकला नव्हता. मला उत्तर देता येईना, कारण नियम माझाच. उद्यापासून मी सुरुवातीलाही प्रार्थना करणार आणि शेवटीही.

११ ऑक्टोबर, शनिवार
आता माझी प्रार्थना सुरुवातीला वीस मिनिटं, शेवटी पंधरा. पोळ्या गार होतात असं सासूबाईंचं म्हणणं (हे त्यांनी देवाला सांगितलं, मला नाही). शामलाला हल्ली प्रार्थनेत बोलायला वेळच उरत नाही. ती नुसतं आमेन म्हणते.

झोपण्याआधी तिने विचारलं की, माझ्या पत्राबद्दल तुम्ही नेमकी कोणत्या दिवशी प्रार्थना केली. वही पाहिली. सापडेना. म्हणालो, काही प्रार्थना मनातल्या असतात. ती म्हणाली, मनातली असेल तर उत्तरही मनातच येईल, मले कधी समजेल? आणि कूस वळवून झोपली. शिक्षिका असल्यामुळे तिला प्रश्न विचारायची सवय आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
उपकार १ ते ५: कालच्याप्रमाणे.

१५ ऑक्टोबर, बुधवार
कालच्याप्रमाणे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आरशासमोर साक्षीची तालीम. सुरुवात: "प्रिय बंधुभगिनींनो, मी एक साधा माणूस." 'साधा' म्हणताना डोळे खाली. तीनदा केलं. जॅकेट जुनं दिसतं. नवं शिवायला टाकलं, साक्षीसाठी, म्हणजे प्रभूसाठीच.

खरं लिहायचं तर (ही वही कोणी वाचणार नाही) पत्रावर मी आजही प्रार्थना केली नाही. केली आणि देव हो म्हणाला तर? सकाळचा चहा, डबा, इस्त्री, सासूबाईंच्या गोळ्या. हे सगळं शामला सांभाळते असं नाही. फक्त ती असली की ते होतं.

उपकार: १. गीझर. बाकी सुचल्यावर.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी
खालच्या मजल्यावरच्या कौसल्याबाईंनी चकल्या पाठवल्या. नाताळला आपण केक पाठवतो, त्याची आठवण म्हणून दोन जास्त. शामलाने चार दिवसांपासून पत्राचा विषय काढला नाही. शांत आहे. चाळीस दिवसांच्या उपक्रमाचा घरावर परिणाम होतो आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री ९.३०
आज घरात पवित्र आत्म्याने काम केलं. सविस्तर लिहितो.

दिवाळीनंतरचा ऑफिसचा पहिला दिवस, फाइलींचा ढीग, त्यात बसमध्ये उभं राहून आलो. तरी प्रार्थना सोडली नाही. आज पूर्ण पस्तीस मिनिटं सुरुवातीलाच केली. मग शामलाने तोंड उघडलं. बऱ्याच दिवसांनी. तिने सुरुवातीला काहीतरी चोवीस वर्षांबद्दल आभार मानले. पुढचा भाग मी गाढ चिंतनात होतो. एवढं गाढ, की शब्द ऐकू येत नव्हते, नुसती शांती. योग्य क्षणी आतून प्रेरणा झाली, अगदी झटका बसल्यासारखी, आणि मी पूर्ण ताकदीने म्हणालो, आमेन.

डोळे उघडले तर शामला रडत होती. गुंजनने तिला मिठी मारली होती. मग गुंजनने मलाही मारली, दहावीनंतर पहिल्यांदाच. सासूबाई म्हणाल्या, "मन लय मोठं हाये तुमचं, जावईबापू." शामलाने न मागता दुसरा चहा दिला, गरम. माझ्या पस्तीस मिनिटांनी एवढं घडेल असं वाटलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार
पत्राची मुदत संपली. फ्रिजवरून पत्र गेलेलं आहे. शामला काहीच म्हणाली नाही, उलट सकाळपासून गुणगुणते आहे. प्रभूने दार अलगद बंद केलं. मी काही न बोलता! उपकार क्रमांक एक. उजव्या दंडावर निळसर डाग आहे. बेसात डास फार. त्याबद्दलही उपकार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
शामलाने लहान कुकर, एक गादी आणि बादली आणली. उपकारस्तुतीच्या रविवारी गरिबांना द्यायला असणार. मी बोललो नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये.

तिने आज मला कुकरची शिट्टी शिकवली. डाळीला तीन, तांदळाला दोन. माझ्यात हल्ली नम्रता आल्यामुळे घरकामाबद्दल माझ्याशी मोकळेपणी बोलता येतं असं दिसतं. मी शिकून घेतलं, कौतुक म्हणून. सासूबाई म्हणाल्या, लिहून ठेवा. इथे लिहिलं.

१ नोव्हेंबर, शनिवार
पाळकसाहेबांचा फोन. म्हणाले, तुमच्याबद्दल कानावर आलं, असा नवरा विरळा, नऊ तारखेला तुम्हाला पुढे बोलावणार आहे. साक्ष पक्की. जॅकेटवाल्याला घाई करायला सांगितली. दादाजी साळवेही फोन करून म्हणाले की माझ्याने नसतं झालं. खड्यापुढे चाळीस दिवस म्हणजे काय ते त्यांना कळलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
साक्ष पाठ. बावीस मिनिटं. घरात खोकी बांधलेली आहेत, दान बरंच दिसतं. शामलाने मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: हळद, तिखट, धणे, 'हे मीठ, साखर नाही'. मी विचारलं, हे काहून. ती हसली, म्हणाली, तुमच्यासाठी. घरच्यांनाही आता शिस्त लागली.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.००
जॅकेट अजून अंगात आहे.

पाळकसाहेबांनी साक्षीसाठी नाव पुकारलं. मी उठलो होतो, अर्धा. नाव शामलाचं होतं. मी गुडघा चोळत बसलो, म्हणजे त्यासाठीच उठलो होतो असं वाटावं.

ती पुढे गेली. कागद नव्हता. म्हणाली की मला चोवीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी शाळा सोपवली. घरी विचारायची भीती वाटत होती. मुदतीच्या आदल्या दिवशी ठरवलं की सगळ्यांसमोर देवालाच सांगायचं. सांगितलं, मी उद्या होकार कळवते, पारशिवनीला राहते, घर तुझ्या आणि यांच्या हाती देते; यांना हे मान्य असेल तर, प्रभू, त्यांच्या तोंडून आमेन ऐकव. "थोडा वेळ शांतता होती," ती म्हणाली. "मले वाटलं संपलं. मग हे आमेन म्हणाले. इतक्या जोरात, का खालच्या मजल्यावरून कौसल्याबाई विचाराले आल्या, काय झालं म्हणून."

मंडळीने टाळ्या वाजवल्या. मला पुढे बोलावलं, तिच्यासाठी प्रार्थना करा म्हणाले. चाळीस दिवस सराव असलेला माणूस मी. डोळे मिटले आणि एक शब्द आला नाही. मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की मी झोपलो होतो? शेवटी म्हणालो, हिला सांभाळ. पाळकसाहेब म्हणाले, किती सुंदर, थोडक्यात. साळवे रडले.

सायंकाळी ६.००
तिला सांगायचं ठरवलं. अजून उशीर झालेला नाही. गैरसमज झाला एवढंच. स्वयंपाकघरात गेलो. ती सासूबाईंच्या गोळ्या सोमवार ते शनिवार अशा पुड्यांत बांधत होती आणि गात होती. बेसूर. लग्न झालं तेव्हा गायची, तशीच बेसूर. मधली वीस वर्षं तिचं गाणं बंद होतं हे मला आज कळलं.
ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि परत आलो.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१५
पहाटे तिला बसमध्ये बसवून आलो. खिडकीतून म्हणाली, मीठ बघून टाका. बस गेली. मी उगाच बराच वेळ स्टँडवर उभा राहिलो. चहावाल्याने विचारलं, कोणाले शोधून राहिले का? कोणाला नाही म्हटलं.

सायंकाळी ७.३०
खिचडी खाली लागली. डाळीला तीन, तांदळाला दोन. दोन्ही एकत्र असतील तर किती हे लिहून घेतलं नव्हतं.

सासूबाईंजवळ मन मोकळं केलं. म्हणालो, खरं सांगतो, त्या दिवशी मी चिंतनात होतो. त्या म्हणाल्या, "चिंतनात काहून, घोरून राहिले होते तुमी." पुढे म्हणाल्या, शामला डोळे मिटून वाट पाहून राहिली होती, तिले कळलं नाही, म्हून मीच दंडाले चिमटा काढला. मी म्हणालो, ही फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, "माया लेकीनं चोवीस वर्सं वाट पायली. म्या एक चिमटा काढला." आणि हेही म्हणाल्या, की तिला सांगाल तर दुसरा दंड आहेच.

रात्री ९.००
वही उलटून पाहिली. गीझर एकोणीस वेळा. पार्किंग अकरा. कालच्याप्रमाणे चौदा. शामला एकदाही नाही. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. नाही.

साडेआठला तिचा फोन आला होता. गुंजनने स्पीकरवर लावून ताटांच्या मध्ये ठेवला. आज प्रार्थना शामलाने केली, पारशिवनीहून. मी डोळे उघडे ठेवून ऐकली, शब्दन् शब्द. खोलीबद्दल आभार मानले, मुलांबद्दल मानले, दोन नळ आहेत म्हणून मानले, माझ्याबद्दलही मानले. आणि शेवटी म्हणाली, प्रभू, संस्थेनं आज सांगितलं, ही नेमणूक तीन वर्षांची आहे, त्याबद्दलही तुझे आभार.

मग ती थांबली. गुंजन माझ्याकडे पाहत होती. सासूबाईंचा हात माझ्या दंडाकडे निघाला होता.
तो पोचायच्या आत मी आमेन म्हणालो.