गालातल्या दोन सुपाऱ्या

१० डिसेंबर १९४५, कडेगाव
विट्याला मुलगी बघून आलो. बर्मात छर्रा लागल्यापासून डावा गाल आत बसलाय, दोन दाढाही गेल्या. निघताना आईनं फडक्यात गुंडाळून दोन सुपाऱ्या दिल्या. "दाबून ठिव गालात. पान खातोय वाटंल." ठेवल्या. वण दाढीत दडला. आरशात बघून मीच खूश. थू!

मुलीचं नाव तारा. माझ्या आईनं तिला अंगणात उन्हात उभी केली, चालवली, दात बघितले. तिचा बाप आपणहून म्हणाला, "हनुवटीखाली देवीचे दोन वण हायती. आदीच सांगतो, मागनं बोल नगं." मी सावलीत बसून ऐकत होतो. चहाही घेतला न्हाई, सुपाऱ्या घरंगळतील म्हणून. पसंत का विचारलं, मान हलवली. तेवढंच खरं.

१४ डिसें.
लग्न फाल्गुनात. आईला म्हणालो, गालाचं त्यांना सांगून टाकू. "गप बस. फौजेच्या दवाखान्यात गाल भरून घे, मग सांगायचं काय उरतंय?" पटलं. लगेच पटलं, हेच तर...

६ जानेवारी १९४६, फौजी दवाखाना
पोटाची चरबी काढून गालात बसवणार. मेण भरत न्हाईत का, विचारलं; पलटणीत ऐकलेलं. डॉ. साहेब म्हणाले, पूर्वी भरायचे. मेण सरकतं, गाठी होतात, गाल सडतो. चरबी आपल्याच अंगाची, पण तीही जिरते. किती टिकेल, सांगता येत न्हाई. उद्या ऑपरेशन.

२० जाने.
पट्टी सोडली. डावा गाल उजव्यापेक्षा गुबगुबीत. मुद्दाम जादा भरलंय म्हणे, वर सूज. शेजारच्या खाटेवरचा आटपाडीचा गडी: "लेका, एक गाल सासरी जेवून आला व्हय रं?" हसलो, टाके ओढले. लय दिवसांनी हसलो.

२५ फेब्रुवारी, कडेगाव
चरबी जिरली. निम्म्याच्या वर. पुन्हा खळगा. लग्नाला बारा दिवस. आईनं त्याच सुपाऱ्या पुढं ठेवल्या. माझा हात पुढं गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२६ फेब्रु.
दाढी काढली. रिकाम्या तोंडानं एकटाच विट्याला. ताराच्या बापाला सगळं सांगितलं, सुपाऱ्यांसकट. "आमी पोरीचे वण दावले, आन तुमी..." मी जमिनीकडं बघत.

तारा दारात उभी होती. म्हणाली, "आवं, सावलीत काय दिसतंय? उन्हात या."

गेलो. ती त्या दिवशी उभी होती तिथंच. तिनं सावकाश बघितलं, वण, खळगा, सगळं. मग आत गेली. बाप म्हणाला, "इचार करून कळवतो." निघालो, तर आतून तिचा आवाज: "मागल्या खेपंला चहा घेतला न्हाईसा. आता घिऊन जावा."

प्यालो. डाव्या बाजूनं ओघळला, सदऱ्यावर. तिनं बघितलं.

१ मार्च
विट्याहून निरोप न्हाई. सदरा धुवायला टाकला न्हाई अजून.