वय आणि नसा

मी, बासिलिया तार्की, दिवंगत सातुर्निना यांची मुलगी, ओरुरो प्रांतातल्या वाय्रापाता या खाणगावची रहिवासी, विद्यापीठातून निवृत्त झालेली शरीरक्रियाशास्त्राची शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते दुखतं, कानात शिट्टी वाजते आणि जिना चढले की ओठ जांभळे पडतात. पण विचार करण्याच्या आड यातलं काही येत नाही. कुणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणता येईल एवढा दरारा असलेली माणसं या घरात उरलेली नाहीत.

कलम पहिले. माझा आजार. माझं रक्त दाट झालं आहे. आमच्या या उंचीवर हवा विरळ, म्हणून शरीर जास्त रक्त बनवतं आणि काहींच्या बाबतीत थांबायचं विसरतं. पुरुषांना हा आजार झाला तर त्याला खाणीचं दुखणं म्हणतात आणि निवृत्तिवेतन देतात. बाईला होतच नाही, असं दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता सांगतो. तो तक्ता खाणकामगारांचं रक्त मोजून केलेला आहे. मी मेल्यावर माझं शव विद्यापीठात उघडावं आणि दाखल्यावर मरणाचं खरं कारण लिहावं. ही माझी पहिली इच्छा आहे आणि बाकी सगळ्या तिच्यानंतर.

कारण असं की माझ्या आईच्या दाखल्यावर 'वय आणि नसा' लिहिलं होतं. आई खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावर बसून, टाकून दिलेल्या दगडांतून हातोडीने कथील वेचायची. आत जायची तिला बंदी होती, जशी सगळ्या बायकांना असते. बाई आत गेली की विटाळ होतो, खाणीतला काका रागावतो आणि धातूची शीर दगडात लपून बसते. या काकाला दर शुक्रवारी कोकाची पानं आणि पेटवलेली सिगारेट द्यायची, तो खाणीचा देव, मातीचा, शिंगं असलेला. त्याला दारू चालते, बाई चालत नाही. तर आईची पाळी गेली आणि वर्षा-दोन वर्षांत ती थकायला लागली. गाल मात्र लालबुंद. दवाखान्यातल्या डॉक्टरने तपासायच्या आधीच लोहाचं औषध लिहून दिलं, कारण थकलेली बाई म्हणजे रक्त कमी, हे त्याला पाठ होतं. शेजारणी म्हणायच्या, सातुर्निनाला औषध मानवलं, कशी रसरशीत दिसते. ती रसरशीत दिसतच मेली.

मी जन्मभर जे शिकले ते एवढंच, की दर महिन्याला जे रक्त जातं म्हणून आम्हाला खाणीच्या तोंडाशी अडवलं, तेच आम्हाला या आजारापासून वाचवत होतं. ते थांबलं की बाईचं रक्त पुरुषासारखं दाटतं. मग तिला कुणी मोजत नाही.

कलम दुसरे. प्राध्यापक आर्सानियो उर्किओला यांना त्यांचंच पाठ्यपुस्तक परत करावं. त्यात 'निरोगी मनुष्य' म्हणून जो उभा आहे त्याला मिशा आहेत. मी माझं संशोधन त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा ते म्हणाले की बायका अभ्यासाला सोयीच्या नाहीत, महिनाभरात चार वेळा बदलतात. मी म्हटलं, बदलतात म्हणूनच तर मोजायच्या. सभागृह हसलं. तीस वर्षं मी पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. घड्यावर माझा राग नाही, पण पुस्तक माझ्या घरात नको.

कलम तिसरे. रक्ताच्या नळ्या फिरवायचं माझं हातयंत्र आणि काचेच्या नळ्या विद्यापीठातल्या ज्या मुली गावोगाव जाऊन बायकांचं रक्त मोजतील त्यांना द्याव्यात. यंत्राची मूठ सैल आहे, कापड गुंडाळून फिरवावं. हेच यंत्र घेऊन मी एकदा खाणीच्या तोंडाशी गेले होते. आत, कामाच्या जागी, माणसांचं रक्त मोजायचं होतं. माझा धाकटा भाऊ एलिओदोरो तेव्हा कामाच्या त्या पाळीचा मुकादम होता. तो आडवा उभा राहिला.

"ताई, तू शिकलेली आहेस, मला मान्य. पण आज तू आत गेलीस आणि उद्या शीर हरवली, तर पोरं माझी गचांडी धरतील."

मी त्याला हळूच सांगितलं की माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली, विटाळाचा प्रश्नच नाही.

"ते मी काकाला कसं पटवू? त्याला दाखला दाखवू का?"

सगळे हसले, मीही हसले. मग घरी येऊन रडले. त्याबद्दल मी एलिओला माफ केलेलं नाही. माझी चांदीची कोकाची डबी तरीही त्यालाच द्यावी.

कलम चौथे. घर. माझं राहतं घर, मागच्या न्हाणीसकट, मी एलिओची बायको जुस्ता हिला देते, एलिओला नाही. या गावात बाईच्या नावावर फक्त तिची हॅट असते. घर देताना अट घालणार होते: जुस्ताने आधी रक्त तपासून घ्यावं आणि दाट निघालं तर थोडं काढू द्यावं. तिचे ओठ मी पाहते आहे, गालही पाहते आहे. ते माझ्या आईचे गाल आहेत. दवाखान्याने तिलाही लोहाचं औषध दिलं आहे, आणि एलिओ ते रोज स्वतःच्या हाताने पाजतो. शिवाय कळपातला लामा कापला की त्याचं ताजं रक्त वाटीत आणतो. बायकोवर इतका जीव लावणारा नवरा या गावात दुसरा नाही. मी समजावलं तेव्हा जुस्ताने दंड शालीखाली घेतला.

"वन्सं, रक्त एकदा गेलं की परत बनत नाही. आधीच बाळंतपणांत किती गेलं. आता आहे तेवढं तरी राहू द्या."

इथे सगळे असंच मानतात. माझ्या घरच्यांनी माझं ऐकावं अशी अपेक्षा मीही कधीच सोडली. पिकतं तिथे विकत नाही. शेवटी अट काढून टाकली. पैशाने किंवा भिंतींनी बाईचा दंड पुढे ओढणं हेच तर आजवर सगळ्यांनी केलं. घर विनाअट तिचं. तिने दंड पुढे करावा, एवढी विनंती.

कलम पाचवे. मी मेल्यावर, रिवाजाप्रमाणे आठव्या दिवशी नदीवर माझे कपडे धुवाल तेव्हा आईचा हिरवा घागरा त्यात टाकू नये. तो जुस्ताची मुलगी रोसेन्दा हिने ठेवावा.

वाय्रापाता, १४ मार्च २०१२.
सही: बासिलिया तार्की
साक्षीदार: फ्लोरेन्तिना आर्से, बेकरीवाली. गुमेर्सिन्दो वील्का, शाळेतला शिक्षक.

पुरवणी

कलम चौथे रद्द समजावं. जुस्ता सप्टेंबरमध्ये, चुलीपुढे बटाटे सोलताना, बसल्या जागी गेली. घर आता रोसेन्दाला द्यावं. दवाखान्याच्या दाखल्यावर कारण लिहिलं आहे: वय आणि नसा. अक्षर वेगळं आहे, शब्द तेच.

मेलेल्यांच्या सणाला तिच्या नावाचं ताट मांडलं, पावाच्या बाहुल्या ठेवल्या. सगळे उठून गेले तरी एलिओ बसून राहिला, हॅट गुडघ्यावर ठेवून. मग त्याने विचारलं:

"ताई, तू शिकलेली आहेस. खरं सांग. मी पाजलं ते तिला भोवलं का?"

मी म्हटलं, "नाही रे. वय झालं होतं तिचं."

ज्या शब्दांशी मी जन्मभर भांडले ते माझ्या तोंडून इतके सहज निघाले. त्याचा चेहरा बघवत नव्हता, एवढंच कारण. तो माझे हात धरून रडला आणि हलका होऊन घरी गेला.

परवा रोसेन्दा आली. पंचेचाळिशीची झाली, पाळी मागेपुढे होते आहे, थकवा वाटतो म्हणाली. पिशवीतून तिने आईची अर्धी उरलेली औषधाची बाटली काढली. एलिओने दिली होती, वाया कशाला घालवायची म्हणून. रोज संध्याकाळी तोच चमचाभर पाजतो. मी बाटली काढून घेतली. तिने कारण विचारलं. कारण सांगायचं तर तिच्या बापाचं नाव घ्यावं लागत होतं, आणि माझी जीभ उचलली नाही. बाटली आज ना उद्या दुसरी येईल.

म्हणून ही पुरवणी माझ्या मरणापर्यंत थांबवू नये. येत्या रविवारी नोटरीबाईंनी माझ्या घरी, माझ्यासमोर, एलिओ आणि रोसेन्दाला शेजारी बसवून ती मोठ्याने वाचावी. मला तोंडाने सांगता येत नाही, लिहिता येतं.

एलिओ, तू विचारलंस त्याचं उत्तर: हो. औषधाने आणि वाटीतल्या रक्ताने तिचं दाट रक्त आणखी दाटलं. तुला ते औषध दवाखान्याने दिलं, तू प्रेमाने पाजलंस. पण उत्तर हो आहे. आता रोसेन्दाला पाजू नकोस. तिचा दंड पुढे करायला सांग, मी अजून आहे तोवर.

वाय्रापाता, ९ नोव्हेंबर २०१२.
सही: बासिलिया तार्की
साक्षीदार: फ्लोरेन्तिना आर्से. गुमेर्सिन्दो वील्का.

नोटरीची नोंद: वरील पुरवणी ठरल्याप्रमाणे रविवारी वाचली. श्री. एलिओदोरो तार्की यांनी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. पुन्हा वाचला. कु. रोसेन्दा यांनी बाही वर केली, आणि दिवा त्यांच्या वडिलांनी धरला.

ऐकलं.
सही: एलिओदोरो तार्की