मधली भिंत

आप्पा, गेल्या आठवड्यात पलूसच्या घराची मधली भिंत दाखवायला साताऱ्याहून इंजिनीअर घेऊन आलो होतो. आईला आता चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही आणि स्वयंपाकघराच्या दारातून खुर्ची जात नाही. भिंतच काढून टाकायची, असं मी ठरवूनच आलो होतो. त्याने भिंतीची जाडी मोजली, गिलावा थोडा खरवडून विटा पाहिल्या, मग माडीवर जाऊन वरची भिंत नेमकी हिच्यावरच येते का, ते टेप लावून बघितलं. खाली येऊन म्हणाला, "हिला हात लावू नका. दोन्हीकडचा स्लॅब आणि वरची अख्खी खोली हिच्यावर आहे. हवं तर टेकू देऊन दार रुंद करता येईल."

 हेच तुम्ही सांगितलं होतं. तेव्हा माझं लग्न ठरलेलं, मला मोठा हॉल हवा होता. जन्मभर गवंडीकाम केलेले तुम्ही, भिंतीला तळवा लावून उभे आहात आणि म्हणताय, "ही न्हाई काडायची रं. वर तुज्या लग्नाची खोली घातलीया, तिचा भार हिच्यावर हाय. दार मोटं करून देतो की." आणि नुकती नोकरी लागलेला मी सगळ्यांदेखत म्हणतो, "आवं, चार विटा रचल्या म्हंजी इंजिनीअर झाला व्हय तुमी?"  तुम्ही भिंतीवरचा तळवा तेवढा काढून घेतलात. शिकलेल्या मुलाचं आईला खरं वाटलं. भिंत तशीच राहिली. त्या रागात लग्नानंतर महिन्याभरात मी साताऱ्याला बिऱ्हाड केलं, आणि त्या खोलीत ज्वारीची पोती आली.

काल दाराचं काम संपलं. आई खुर्चीतून आत गेली, ओट्यावरून हात फिरवत रडली. म्हणाली, "तुज्या बाच्या हट्टापायी माजं घर फुटलं. लय हट्टी मानूस." हे ती तुमच्या शेवटच्या आजारपणातही तुमच्या तोंडावर म्हणायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून ऐकून घ्यायचात.

इंजिनीअर काय म्हणाला, ते मी तिला सांगितलेलं नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, ठाऊक आहे. तिला मात्र वाचून दाखवता येईल. पलीकडेच चहा पीत बसलीय. दोनदा कागद घेऊन उठलो, आप्पा. दोन्ही वेळा परत येऊन बसलो.