कोंबड्यांवरचं छप्पर

३ मार्च, मंगळवार

घारीनं आज दुसरी कोंबडी नेली. वहिनीच्या डोळ्यांदेखत. झाडू घेऊन अंगणभर धावली बिचारी — घार काय झाडूला भिते! संध्याकाळी मला म्हणाली, "भाऊजी, कुंपणाला वरून काहीतरी घालून द्या. तुमच्या तर हातचं काम."

हो म्हणालो. बारा फूट बाय सहा, डोक्याएवढं उंच. एका दुपारचं काम. पण ताट अर्धवट सारून उठलो.

दादा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दारं करतो, खिडक्या करतो, जाळ्या करतो. छप्पर एकही नाही.

४ मार्च

पत्र्याच्या दुकानात गेलो. दुकानदार जुना, आम्हा दोघा भावांना ओळखणारा. म्हणाला, "सिमेंटचे चार पत्रे मागे पडलेत, फुकट ने. कोंबड्यांना गारवा!"

टिचकी मारून बघितली. सवय. आवाज बद्द आला — म्हणजे आतून तडकलेला. हे दादानंच शिकवलेलं.

त्या दिवशी मी टिचकी मारलीच नव्हती.

"नंतर येतो" म्हणून निघालो.

५ मार्च

लोखंडी पत्रा नकोच. दुपारी तापला की टक् टक् वाजतो. वर्कशॉपवरचा वाजला की मान आपोआप वर जाते. वर कोणी नसतं. तरी बघतो.

७ मार्च, शनिवार

फायबरचा पत्रा लावून बघितला. वहिनी खूश — "उजेड काय छान येतोय!"

कोंबड्यांच्या मधोमध उजेडाचा चौकोन पडला. गोदामात असाच पडला होता, वरच्या भोकातून. त्यात धूळ तरंगत होती. आणि दादाची एक चप्पल.

काढून टाकला. मापात बसत नाही म्हणालो. बायको म्हणाली, "तुमच्या मापात? आणि बसत नाही?" मी पत्रा उचलून मागे ठेवून आलो.

इथं तरी लिहून टाकतो. गोदामाच्या छपरावर चढल्यावर दादा म्हणाला होता, "पत्र्यावर फळ्या टाकून जाऊ." मला घाई! मी म्हणालो, "पत्रा वजन धरतोय की दादा, जा सरळ." चार पावलं गेला.

मुकादमाला, आईला, वहिनीला — सगळ्यांना सांगितलं, तो न विचारताच वर गेला. दोन दिवस होता दवाखान्यात. मी आत गेलो नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

८ मार्च

ठरलं. वरूनही जाळी, त्यावर ताडपत्री. वजन नाही, आवाज नाही.

१० मार्च

घरी आलो तर अंगणात हातगाडी! वहिनीनं ते सिमेंटचे पत्रे आणवले होते. तीन वर चढवलेले. चौथा सरकवायला ती स्टुलावरून वर झुकलेली, एक गुडघा पत्र्यावर.

मी ओरडलो. कोंबड्या फडफडल्या, शेजारीण दारात आली. वहिनीचे दोन्ही दंड धरून खाली उतरवलं.

"अहो भाऊजी, एवढ्याशा उंचीवरून काय होतंय?"

आणि तोंडातून निघून गेलं. सगळं. फळ्या, घाई, "जा सरळ", बाकडं, खोटं. उभ्या उभ्या.

वहिनीनं पदराला हात पुसले. आत गेली. जेवायला बाहेर आली नाही.

११ मार्च

पत्रे परत पाठवले. जाळी ताणून झाली, ताडपत्रीही. स्टूल वहिनीनं धरलं होतं. तारेचा तुकडा माझ्या हातात देता देता, वर न बघताच म्हणाली, "ह्यांनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं. म्हणाले, त्याला विचारू नकोस, आपणहून सांगेल. सहा वर्षं लावलीत, भाऊजी."