जावक क्रमांकासह स्तुती

२ मार्च, पहाटे ५
विघ्नहर्त्याच्या चरणी मस्तक ठेवून, वाग्देवीची करुणा भाकून ही वही आरंभितो. माझ्यावाचून ती कोणी वाचणार नाही. ट्रंकेची किल्ली जानव्याला आहे. आता मूळ विषय : धनसिंगाचा सूड.

आसेगावच्या आमच्या बियाणे सफाई केंद्राचा मी प्रभारी व्यवस्थापक. धनसिंग यंत्रचालक. काल नव्या चाळणी यंत्राची पूजा मी सांगितली. मंत्र माझे, बसलेला घसा माझा. नारळ फोडण्याची वेळ येताच बायांच्या मुकादम गोजराबाई म्हणाल्या की, नारळ धनसिंगभाऊच फोडतीन, मशीन त्याईचंच आयकते. सगळे हसले. अध्यक्ष पुंजाजीही हसले. ३१ तारखेला कायम व्यवस्थापक नेमायचा आहे. कोण किती हसले, याची मी मनात नोंद ठेवली आहे.

५ मार्च
अध्यक्षांनी मला दोन दिवस वाशिमला नेतृत्व प्रशिक्षणास धाडले. प्रशिक्षक माझ्या नातवाच्या वयाचा. त्याची सूत्रे तीन : सहकाऱ्यांचे ऐका, नावाने हाक मारा, नेमकी स्तुती करा. उपदेश म्हणून सामान्य; शस्त्र म्हणून उत्तम. बायांना मजकडे वळवीन आणि धनसिंगास स्तुतीने फुगवीन. गर्वाने नहुष इंद्रपदावरून अजगर होऊन पडला. धनसिंग तर नुसता स्टुलावर चढतो.

६ मार्च, दुपारी १
ऐकण्याचा प्रयोग. गोजराबाईंना समोर बसवून दहा मिनिटे मौन पाळले. वेळ वाया जाऊ नये म्हणून गोमुखीत जप चालू ठेवला. त्यांनी मध्येच विचारले, काका, आयकून राह्यले का माळ ओढून राह्यले? मी सांगितले, दोन्ही. मंग मी काय म्हटलं ते सांगा, म्हणाल्या. तेवढ्यात माझी माळ पूर्ण झाली.
धुळीसाठी तोंडाला बांधायची फडकी मागत होत्या, असे मागाहून कळले. धनसिंगाने ती आणून वाटलीही. मला न विचारता. नोंद ठेवली.

९ मार्च
नावाने हाक. हजेरीपटावरून बावीस नावे, पतीच्या नावासह, पाठ केली आणि खड्या आवाजात म्हटली. नवऱ्याचे नाव कानी पडताच एकेकीने पदर तोंडाशी नेला. पाऊण तास यंत्र रिकामे फिरले. सूत्र खोटे नाही, श्रोते अपरिपक्व.

११ मार्च
तोंडी स्तुतीस पुरावा नसतो. बत्तीस वर्षांच्या कारकुनीत जावक क्रमांकावाचून मी कागद हलवला नाही, तर स्तुती कशी हलवीन? नमुना ठरवला : स्तुतिपत्र, जावक क्रमांक, पोच म्हणून सही, प्रत माहितीस्तव अध्यक्षांकडे.
पहिले पत्र गोजराबाईंस : ‘आपण वक्तशीर आहात.’ त्यांचे म्हणणे, गोड बोलाले सही कायले पायजे? उद्या नाही म्हनसान का? सही मात्र केली.
दुसरे शत्रूस.

१५ मार्च
शत्रूस रोज एक. आजचे पत्र धनसिंगाने दोनदा वाचले. मग म्हणाला, काका, माह्या बापानंबी येवढं नाही म्हटलं कधी. घडी करून खिशात ठेवले. फुगतो आहे.

२२ मार्च
अजून पडत नाही. मात्रा वाढवून रोज दोन.
एक अडचण : असत्य लिहिणे माझ्या व्रतात बसत नाही. म्हणून त्याच्या मागे उभे राहून खरे गुण टिपावे लागतात. आज एका बाईचा पदर पट्ट्यात जाण्याआधी त्याने यंत्र थांबवले. तिच्यावर ओरडला नाही, पाणी दिले. हे लिहिताना माझ्या पेनाने कागद फाटला. क्रोधाने.
घरी दुर्गाबाईने विचारले, तुमी त्याचा सूड घेऊन राह्यले का त्याची जाहिरात करून राह्यले? सौभाग्यवतीस हे कसे कळले? किल्ली चाचपली. जागेवर आहे.

३० मार्च, सायं. ७
सर्व सिद्ध. उद्या खुर्चीवर बसताच द्यावयाचा पहिला आदेश आजच लिहिला : धनसिंगाची बदली गोदामाच्या फाटकावर. जावक क्रमांक घातला. प्रत, रीतीप्रमाणे, अध्यक्षांकडे. भाषणही तयार आहे. त्यात क्षमेवर एक उतारा घातला आहे. ती कोणाला करायची, ते अजून ठरलेले नाही.

३१ मार्च
सभा झाली. अध्यक्षांसमोर माझीच फाईल. पत्रे एकेचाळीस, त्यांपैकी धनसिंगाची एकोणतीस. पुंजाजी म्हणाले, काकानं जलमात कोनाले बरं म्हटलं नाही. तो मानूस एकोनतीस पत्रं लिहिते, मंग आमी कोन नाही म्हननार? पदराच्या प्रसंगाचे पत्र त्यांनी मोठ्याने वाचले. बायांनी टाळ्या वाजवल्या. गोजराबाईंनी डोळे पुसले. धनसिंग कायम व्यवस्थापक झाला. ठरावाचे इतिवृत्त मी लिहिले, कारण अक्षर माझे चांगले.
शेवटी अध्यक्षांनी फाटकाचा आदेशही वाचला. मनातल्या मनात. आणि धनसिंगाकडे सरकवला.

१ एप्रिल, सकाळी ११.४०
नव्या व्यवस्थापकाचे पहिले पत्र मलाच. जावक क्रमांक एक. ‘काका, तुमच्यासारखं मानसातलं बरं कोनाले दिसत नाही. फाटकावर लय ऊन हाय. तुमचा टेबल माह्या बाजूले लावतो.’ खाली पोच म्हणून सहीची जागा, मीच आखून दिलेल्या नमुन्याप्रमाणे. गोजराबाई पेन घेऊन उभ्या. सही केली. वेळ टाकली.
ट्रंकेच्या मागच्या बिजागऱ्या दोन वर्षांपासून तुटल्या आहेत, असे घरी समजले.
हे वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. त्यांच्या कणगीत धान्य, वाणीत गोडवा आणि मनात शांती राहो. सर्व म्हणजे दुर्गाबाई. प्रत्येक पानाच्या तळाशी तिची सही आहे, पोच म्हणून.