खुर्चीची पुढची कड

तीर्थरूप मावशीस,

नमस्कार. आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात लिहिलं होतं की ऑफिसात मला नवीकोरी खुर्ची मिळाली. ते चूक. नवी आहे ती फक्त पाठ. गादीची पुढची चार बोटं पार झिजली आहेत. (खोटं लिहायचा हेतू नव्हता, मी मागूनच पाहिली होती.) तुझा गुडघा कसा आहे? "बरा" लिहू नकोस, खरं लिही.

आमचे टपालवाले काका म्हणाले, "ही तुमच्यासारख्यांचीच खुर्ची, बाई. आधीच्याही घरातल्या पहिल्याच शिकलेल्या. हुशार हो! पण सगळ्या अशाच टोकावर बसायच्या." पुढे त्यांचं काय झालं, विचारलं. काका विचारात पडले. "वर गेलेली कोणी आठवत नाही," म्हणाले, "आणि बाहेर पडलेलीही आठवत नाही." (वर म्हणजे वरच्या मजल्यावर. मी दोनदा विचारून खात्री केली.)

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. सकाळी कुलूप मीच उघडते, आणि खुर्चीला हात लावावा तर पुढची कड कोमट. पाठ मात्र गार. एकदा धीर करून टेकले, तर मागून कुणी घसा खाकरावा तसा आवाज आला. मी ताडकन उभी राहिले आणि माफी मागितली. खुर्चीची.

माझ्यानंतर लागलेला, साहेबांच्या मित्राचा मुलगा (स्वभावाने चांगला आहे, दोष देत नाही) त्याच खुर्चीत एका दुपारी पसरला. घोरलासुद्धा. खुर्चीतून चकार शब्द नाही. आता तो वर बसतो आणि त्याच्या चुका मी खाली निस्तरते. साहेब म्हणतात, "काम उत्तम आहे हो तुमचं, पण तुम्ही वरच्या वाटत नाही." वर आणखी एक जागा रिकामी झाली आहे. सतरा तारखेला मुलाखतीला बोलावलंय. वर खुर्च्या कमी आहेत, म्हणून निरोप आलाय: येताना तुमचीच घेऊन या.

बाकी मी मजेत. घरी सगळ्यांना सांग.

तुझी भाची

ता.क. मजेत नाही. खरं काम असं: तू लोकांकडे धुणीभांडी करायला जायचीस तेव्हा मला त्यांच्या सोफ्याच्या कडेला बसवून सांगायचीस, "टेकू नकोस गं, डाग पडेल." तो एक क्षण सोडला तर ते मी अजून मोडलेलं नाही. तुझं सांगणं तूच मागे घेऊ शकतेस. दोनच शब्द पाठव: टेकून बस.

आणखी एक ता.क. मी रागावलेली नाही. हे पत्रही उभ्यानेच लिहिलंय. तुझं उत्तर पोचो न पोचो, मागून कोणीही खाकरो, मी टेकणार आहे: सोमवारी, सतरा तारखेला.