पाव फुगेना

३ फेब्रुवारी
थाप मारली! मालवाहू बोटीचे कप्तान धक्क्यावर विचारत होते, पाव करणारं कुणी आहे का. आधीचा स्वयंपाकी मध्येच पळाला म्हणे. मी म्हटलं, "मी करते की! डोळे मिटून करते." रविवारी ते ताईच्या खोलीवर चाखायला येणार. जमला तर बोटीवरची नोकरी माझी. समुद्र! नवी बंदरं! या गावाचा तर वीट आलाय.
पाव जन्मात केलेला नाही. पण मैदा, यीस्ट, पाणी — त्यात काय अवघड?

४ फेब्रुवारी
दगड झाला. ताईनं टेबलावर आपटून दाखवला. "भटकभवानी, पाणी कसलं घातलंस?"
उकळतं. लवकर फुगावा म्हणून!
"मेलं मग ते यीस्ट. जिवंत असतं ते, बाई."
पुडीवर लिहिलंय म्हणे. एवढं बारीक कोण वाचतं?

५ फेब्रुवारी
आज कोमट पाणी. कपात यीस्ट आणि साखर. फेस आला, म्हणजे जिवंत! गोळा मळून खिडकीत ठेवला आणि जरा पाय मोकळे करायला निघाले. कोपऱ्यावर एक जण दुकानाची पाटी रंगवत होता. काय हात! मलाही एक अक्षर रंगवू दिलं. वाकडं आलं, पण त्यानं तसंच ठेवलं.
परतले तर गोळा होता तेवढाच, वर सालपट धरलेलं.
ताई: "एवढ्या गारठ्यात खिडकीत? फडकंसुद्धा नाही वर! तू बसली असतीस का तिथं?"

६ फेब्रुवारी
सर्दी. काहीच केलं नाही.

७ फेब्रुवारी
आज ताईनंच मळला. "सरक, तुझं लक्ष नाही." ती खाली लाँड्रीत इस्त्री करते. ओलं फडकं टाकून पातेलं तिथं नेलं, इस्त्रीच्या टेबलाखाली, उबेला. संध्याकाळी पळतच वर आली. "अगं बघ, बघ! टम्म!" ताईला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. भाजला आणि दोघींनी उभ्याउभ्याच निम्मा संपवला.

९ फेब्रुवारी
कप्तान आले. पाव ताईचा, मिरवत होते मी. त्यांनी मागून मागून खाल्ला. मग सहज विचारलं, "बोटीवर गोळा फुगलाच नाही, तर काय करशील?"
"दुसरा मळीन."
"मैदा संपला असेल तर?"
भांडी घासता घासता ताई म्हणाली, "आधी ऊब बघायची. इंजिनाजवळ जागा असेलच की. आणि तरी नाहीच फुगला, तर लाटून तव्यावर भाजायचा. टाकायचा कशाला?"
कप्तानांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मला म्हणाले, "मुली, जरा चहा टाकतेस?"
टाकला. उतू गेला.

११ फेब्रुवारी
बोट सुटली. ताई गेली! काल कडाकडा भांडले तिच्याशी, मग तिचे कपडे मीच भरून दिले. उद्यापासून खाली इस्त्रीला मी. ती माझ्या हातात खोलीची किल्ली ठेवून गेली आणि माझी बॅग घेऊन — तिच्याकडे स्वतःची बॅग कधी नव्हतीच.